सोन्याच्या पातळ थरावर धावणारा प्रकाश कॅमेऱ्यात कसा पकडायचा

स्क्रीनवर लाल ठिपका आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या शेपट्या दिसल्या, की आमच्याकडची एम.एस्सी.ची मुलं ओरडतात, "मॅडम, प्लाझ्मॉन आला!" मी खुर्चीतून उठत नाही. "रिंग दाखव," एवढंच म्हणते. शेपटी कशानेही दिसते. लेन्समधलं परावर्तन असतं, काचेच्या आतून फिरून आलेला प्रकाश असतो, जास्त एक्स्पोजरमुळे सेन्सरवर पसरलेला उजेड असतो. रिंग, म्हणजे एका ठरावीक कोनातच बाहेर पडलेल्या प्रकाशाचं बारीक वर्तुळ, मात्र अशी कशानेही येत नाही. मी विद्यापीठातली ऑप्टिक्सची लॅब सांभाळते आणि दरवर्षी नव्या मुलांना हेच पुन्हा सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे.

आधी पकडायचं काय आहे ते बघू. सोन्याच्या पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाचं विद्युतक्षेत्र एकमेकांत गुंतून एकत्र डोलायला लागले, की धातू आणि हवा यांच्या सीमेला चिकटून चालणारी लाट तयार होते. तिला सरफेस प्लाझ्मॉन पोलॅरिटॉन म्हणतात. आम्ही नुसतंच प्लाझ्मॉन म्हणतो. ही लाट हवेतल्या प्रकाशापेक्षा थोडी संथ चालते. हेलियम-निऑन लेझरच्या ६३३ नॅनोमीटरला सोन्यावर तिची तरंगलांबी साधारण ६०५ नॅनोमीटर होते, म्हणजे तिचा परिणामी अपवर्तनांक सुमारे १.०४६. हा आकडा पाठ करून टाका, पुढे पदोपदी लागणार आहे. तो १ पेक्षा मोठा असल्यामुळेच सपाट सोन्यावर वरून कितीही लेझर मारला तरी प्लाझ्मॉन उठत नाही, आणि उठलेला प्लाझ्मॉन हवेच्या बाजूने डोळ्याला दिसत नाही.

पण थर पातळ असेल आणि खाली काच असेल, तर चित्र बदलतं. काचेतला प्रकाश प्लाझ्मॉनपेक्षाही संथ असतो, त्यामुळे लाट चालता चालता माठासारखी पाझरत जाते, आणि हा पाझर काचेत एका ठरावीक कोनातच उतरतो. १.०४६ ला काचेच्या १.५१५ ने भागलं की त्या कोनाचा साइन मिळतो. कोन येतो ४३.६ अंशांच्या आसपास. १९६८ साली क्रेटशमान आणि रेथर यांनी प्रिझमच्या वाटेने हाच कोन उलट्या बाजूने वापरला आणि प्लाझ्मॉन उठवला. पाझरलेला प्रकाश तेलाच्या ऑब्जेक्टिव्हने (मायक्रोस्कोपची नमुन्याजवळची लेन्स, जिच्यात आणि काचेत तेलाचा थेंब असतो) गोळा करून प्लाझ्मॉनचं चित्र काढण्याचं काम बर्ट हेख्ट, लुकास नोव्होटनी, डिटर पोल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली छापलं. आपण करणार आहोत ते त्याच पद्धतीचं सोपं रूप. नीअर-फील्डची सुई किंवा फेम्टोसेकंद लेझर जोडलेला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तुमच्याकडे असेल, तर हा लेख बंद करून तिकडे जा. नसेल, तर एक चांगला ऑब्जेक्टिव्ह आणि चार लेन्स यांवर काम भागतं.

थर

कव्हरस्लिप, म्हणजे मायक्रोस्कोपची पातळ काच, 'नंबर १.५' लिहिलेलीच मागवा, म्हणजे जाडी ०.१७ मिलिमीटर. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हचं वर्किंग डिस्टन्स, म्हणजे फोकसमध्ये असताना लेन्स आणि काच यांच्यातलं अंतर, जेमतेम ०.१ मिलिमीटरच्या घरात असतं. जाड स्लाइडवर सोनं चढवून आणलंत तर फोकस गाठायच्या आत ऑब्जेक्टिव्ह काचेला टेकेल. कव्हरस्लिप लॅबच्या साबणाने, मग डीआय (आयनमुक्त) पाण्याने, अ‍ॅसिटोनने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि नायट्रोजनच्या झोताने कोरडी करा. अ‍ॅसिटोन काचेवर वाळू देऊ नका, डाग राहतात आणि ते सोन्याखाली कायमचे गाडले जातात. पिरान्हा द्रावण (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) मी कोणालाही वापरू देत नाही. एवढ्याशा काचेसाठी तेवढा धोका पत्करायची गरज नाही.

काचेला सोनं नीट धरत नाही, म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा थर देतात. इथेच निम्म्या लोकांचा प्लाझ्मॉन मरतो. इव्हॅपोरेशन युनिट, म्हणजे निर्वातात धातूची वाफ काचेवर बसवणारं यंत्र, चालवणाऱ्याला सांगून ठेवलं नाही, तर तो सवयीने ५ नॅनोमीटर क्रोमियम चढवतो, कारण इलेक्ट्रोड करणाऱ्यांना तेवढं लागतं. क्रोमियम प्रकाश खातं. आपल्याला १ ते २ नॅनोमीटर पुरे. त्यावर ४५ ते ५० नॅनोमीटर सोनं, १०⁻⁶ मिलिबारच्या आसपासच्या निर्वातात, सेकंदाला ०.१ ते ०.२ नॅनोमीटर गतीने. एसईएमचे (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) नमुने झाकायच्या छोट्या स्पटर कोटरमधलं सोनं दिसायला सारखंच, पण दाणेदार असतं. पहिल्यांदा करताना त्याच्या नादी लागू नका.

५० हा आकडा का, हे समजून घ्या, कारण जाडी बदलायचा मोह होतोच. थर पातळ केला तर पाझर वाढतो, चित्र उजळ दिसतं, पण लाट लवकर संपते. ८०-१०० नॅनोमीटर केलात तर लाट लांबवर जाते, पण पाझर इतका कमी होतो की कॅमेऱ्याला काही सापडत नाही. ५० च्या आसपास दोन्ही व्यय जवळजवळ बरोबरीत येतात, निम्मी ऊर्जा सोन्यात उष्णता होऊन जाते आणि निम्मी काचेत पाझरते. मोजणी करताना ही निम्म्याची गोष्ट लक्षात ठेवायची आहे.

युनिटवरच्या, जाडी दाखवणाऱ्या क्वार्ट्झ मॉनिटरचा आकडा अंदाजाचा समजा. सोबत एक जादा कव्हरस्लिप ठेवा, तिच्यावर ओरखडा काढून पायरीची उंची एएफएम (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप) किंवा प्रोफायलोमीटरवर मोजून घ्या. तोवर घरगुती परीक्षा अशी: कव्हरस्लिप चिमट्यात धरून खिडकीकडे करा. परावर्तनात ती पिवळी आणि आरपार बघताना हिरवट-निळी दिसली पाहिजे. सोन्याच्या वर्खातून हिरवा प्रकाश येतो, याचा फॅरेडेने १८५७ साली मोठ्या बारकाईने अभ्यास केला होता. आरपार काहीच दिसत नसेल तर थर जाड झाला. बारीक पांढरे ठिपके लुकलुकत असतील तर ती पिनहोल्स, थरातली बारीक भोकं, म्हणजे काच धुताना धूळ राहिली. चार-दोन चालतील. त्यांचाही उपयोग आहे, पुढे सांगते.

सोनं कोणत्या बाजूला आहे हे बघून ओळखता येत नाही असं वाटलं, तर मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही टोकं एका कोपऱ्यात हलकेच टेकवा. बीप आला ती सोन्याची बाजू. हे फालतू वाटेल, पण तेल सोन्याच्या बाजूला लावलं तर प्लाझ्मॉनचा आकडा ऑब्जेक्टिव्हच्या आवाक्याबाहेर जातो आणि दिवसभर डोकं आपटूनही रिंग दिसत नाही. सोनं वर, हवेकडे. तेल खाली, उघड्या काचेला.

लाट उठवायची कुठून

सपाट सोन्यावर प्लाझ्मॉन उठत नाही, म्हणून त्यावर काहीतरी खोडी हवी. सगळ्यात उत्तम म्हणजे फोकस्ड आयन बीमने कोरलेली फट, रुंदी १५०-२०० नॅनोमीटर, लांबी २०-३० मायक्रॉन, सोन्याच्या आरपार. तुमच्या विद्यापीठात ते यंत्र नसेल, तर आयआयटी मुंबई किंवा बंगळूरच्या आयआयएससीतल्या आयएनयूपी योजनेत बाहेरच्या संशोधकांना नॅनोफॅब्रिकेशनच्या सोयी वापरता येतात. अर्ज वेळेवर करा आणि एकाच कव्हरस्लिपवर दहा-बारा फटी वेगवेगळ्या दिशांना कोरून घ्या. त्यांच्याजवळ मोठे बाणही कोरा, नाहीतर १०० पट मोठं करून बघताना फट शोधण्यातच दुपार जाते.

फट मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. २०० नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात मिळतात. एक थेंब खूप पातळ करून सोन्यावर टाका, वाळू द्या. एकेक सुटा कण उत्तम उठवणी करतो. मघाशी म्हटलेली पिनहोल्ससुद्धा चालतात. रिंग पहिल्यांदा दिसण्यासाठी मी नव्या मुलांना पिनहोलवरच बसवते. मोजणीसाठी मात्र फटच हवी.

टेबलावरची मांडणी

लेझर ध्रुवित असलेला घ्या. कॉलेजांमध्ये मिळणाऱ्या कित्येक हेलियम-निऑन नळ्या रँडम पोलराइज्ड असतात, त्यांच्यापुढे पोलरायझर लावला तरी तीव्रता वरखाली होत राहते. हिरवा ५३२ चा लेझर सोन्यासाठी वापरू नका. त्या रंगाला सोनं स्वतःच प्रकाश गिळतं आणि लाट मायक्रॉनभरही जात नाही. शिवाय स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमधून अदृश्य इन्फ्रारेड गळत असतं, ते डोळ्यांना घातक. ७८५ चा डायोड लेझर मिळाला तर मजा आहे, तिथे जाड सोन्यावर लाट हिशोबाने ४० मायक्रॉनच्या आसपास जाते. फक्त तो डोळ्याला मंद दिसतो म्हणून अशक्त समजू नका. चष्मा घातल्याशिवाय ते स्विच मी कोणाला दाबू देत नाही.

लेझरनंतर हाफ-वेव्ह प्लेट, म्हणजे ध्रुवणाची दिशा फिरवता येईल. मग वरून ०.४ एनएचा (एनए म्हणजे लेन्स किती तिरका प्रकाश घेऊ शकते त्याचं माप: माध्यमाचा अपवर्तनांक गुणिले कोनाचा साइन) साधा हवेतला ऑब्जेक्टिव्ह, जो सोन्यावर मायक्रॉनभराचा ठिपका पाडेल. नमुन्यावर एक-दोन मिलिवॉट पुरतात. जास्त दिलंत तर सोनं वितळून नवी फट तुम्हीच तयार कराल.

खाली तेलाचा ऑब्जेक्टिव्ह, १०० पट, १.४९ एनए. १.४ एनएचाही चालेल, कारण आपल्याला हवेत १.०४६ च गाठायचं आहे. तेल एक थेंब. इथे नमनाला घडाभर तेल नको, जास्त झालं की कव्हरस्लिप तरंगते आणि फोकस सरकत राहतो. त्यापुढे २०० मिलिमीटरची ट्यूब लेन्स. (निकॉन आणि लायका यांच्या ऑब्जेक्टिव्हला २०० लागते, ऑलिम्पसला १८०, झाइसला १६५. दुसऱ्या कंपनीची लावली तर चित्र किती पट मोठं होतं तेवढंच बदलतं, पण मग पुढचे आकडे पुन्हा काढा.)

ट्यूब लेन्स जिथे चित्र पाडते तिथून २०० मिलिमीटरवर पहिली रिले लेन्स, फोकल लांबी २००. तिच्यापुढे २०० मिलिमीटरवर फूरिये प्लेन येतं. इथे प्रकाश 'कुठून निघाला' याप्रमाणे नाही, तर 'कोणत्या कोनात निघाला' याप्रमाणे मांडलेला असतो. तिथून २०० वर दुसरी रिले लेन्स, तीही २०० ची, आणि तिच्यापुढे २०० वर कॅमेरा. झालं तुमचं चित्र. फूरिये प्लेन कॅमेऱ्यावर आणायला १५० मिलिमीटरची एक लेन्स फ्लिप माउंटवर, कॅमेऱ्याच्या आधी बरोबर १५० मिलिमीटरवर ठेवा. ती उभी केली की कोन दिसतात, आडवी पाडली की चित्र. ही फ्लिप लेन्स या मांडणीतला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा आहे. ती नसलेल्या मांडणीवर मी विश्वास ठेवत नाही, कितीही महागाचा मायक्रोस्कोप असला तरी.

छताचा पंखा बंद. उकडेल, पण हवेच्या झुळकेने रिंग डुलते, शिवाय पंख्यावरची धूळ थेट सोन्यावर बसते. एसीचा झोतही टेबलावरून वळवा.

रिंग

हेलियम-निऑन चालू करून अर्धा तास तरी सोडून द्या. कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद, गॅमा १, फाइल १२ किंवा १६ बिट. पांढऱ्या एलईडीने फट शोधा, दोन्ही ऑब्जेक्टिव्ह तिच्यावर फोकस करा, मग एलईडी बंद करून लेझर सोडा. ध्रुवण फटीला काटकोनात ठेवा. फ्लिप लेन्स उभी करा.

मधोमध एक भगभगीत तबकडी दिसेल. तो सोन्यातून सरळ आरपार आलेला लेझर, ०.४ एनएपर्यंतचा. तो इतका उजळ असतो की बाकी काही दिसू देत नाही. त्याला फूरिये प्लेनमध्ये अडवायचं असतं. यासाठी महागडे मास्क मिळतात. मी कपाळाला लावायची काळी, गुळगुळीत, ३ मिलिमीटरची टिकली एका कोऱ्या कव्हरस्लिपच्या बरोबर मध्ये चिकटवते आणि ती काच फूरिये प्लेनमध्ये ठेवते. हिशोब असा: ऑब्जेक्टिव्हची फोकल लांबी २ मिलिमीटर, म्हणून फूरिये प्लेनमध्ये आरपार आलेल्या लेझरची त्रिज्या ०.८ मिलिमीटर, टिकलीची १.५ आणि प्लाझ्मॉनच्या रिंगची २.०९. टिकली मधलं सगळं झाकते आणि रिंगला धक्का लावत नाही. मखमली टिकली नको, तिचे केस प्रकाशात रेघा पाडतात. टिकलीची काच एक्स-वाय माउंटवर बसवून, फूरिये चित्र बघत बघत मध्यावर आणा.

आता एक्स्पोजर वाढवा. अंधारातून दोन बारीक कमानी समोरासमोर उजळून येतात, उजवीकडे एक, डावीकडे एक, सुरीने काढल्यासारख्या रेखीव. पिनहोल किंवा कण असेल तर त्या कमानी लांबत जवळजवळ पूर्ण वर्तुळ होतं, ध्रुवणाच्या दिशेला उजळ आणि काटकोनात फिकट. हाच तुमचा प्लाझ्मॉन. याच्या आधी शेपट्यांचा फोटो काढलात तर तो मला दाखवू नका.

रिंग दिसली तरी ती १.०४६ लाच आहे का, हे मोजायला पट्टी लागते. ऑब्जेक्टिव्हवर छापलेल्या १.४९ वर मी सगळा भार टाकत नाही, कारण कडा धूसर असते. त्यापेक्षा हवेचं १.० हे नेमकं आहे. हायलायटरची शाई पाण्यात खूप पातळ करून कोऱ्या कव्हरस्लिपवर पसरा, वाळवा, योग्य रंगाच्या एलईडीने चमकवा आणि एलईडीचा रंग अडवणारा फिल्टर लावून फूरिये प्लेन बघा. पातळ थरातल्या रेणूंचा प्रकाश काचेत क्रांतिक कोनाला सगळ्यात जास्त जातो, त्यामुळे एनए १.० ला उजळ कडं दिसतं. शाईचा थर जाड असेल तर ते कडं विरघळून जातं, म्हणून पातळ करा, अजून पातळ करा. ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा आणि वरची मांडणी असेल तर हे कडं ४३५ पिक्सेल त्रिज्येवर यायला हवं, प्लाझ्मॉनची रिंग ४५५ वर आणि ऑब्जेक्टिव्हची बाहेरची कडा साधारण ६४८ वर. मधले ते २० पिक्सेल हेच सगळं काही.

रिंग ४३५ वरच बसली तर तो प्लाझ्मॉन नाही, पृष्ठभागाला घासून गेलेला साधा प्रकाश आहे. ४५५ च्या बरीच बाहेर गेली, तर सोन्यावर काहीतरी बसलंय: बोटाचं तेल, फोटोरेझिस्टचा राहिलेला थर, वाळलेला साबण. प्लाझ्मॉन काही नॅनोमीटरचा थरही ओळखतो, त्याच्यावर चालणारी जैविक सेन्सरची यंत्रं याच गुणावर चालतात. आपल्या कामात तो गुण डोकेदुखी ठरतो.

खात्री

पहिली परीक्षा ध्रुवणाची. हाफ-वेव्ह प्लेट ४५ अंश फिरवा, म्हणजे ध्रुवण ९० अंश फिरून फटीला समांतर होईल. कमानी विझल्या पाहिजेत. फटीतून थेट विखुरलेला प्रकाश थोडाफार राहील, तो चालेल.

दुसरी परीक्षा पाण्याची, आणि ही बघायला मुलांना सगळ्यात आवडते. सोन्यावर डीआय पाण्याचा थेंब ठेवा. आता सीमा सोनं-हवा राहिली नाही, सोनं-पाणी झाली, आणि परिणामी अपवर्तनांक १.०४६ वरून थेट १.४४ च्या आसपास जातो. रिंग आतून उडी मारून बाहेरच्या कडेला जवळजवळ चिकटते. १.४ च्या ऑब्जेक्टिव्हवर ती गायबच होईल. भटका प्रकाश असा पाण्याच्या थेंबाने जागा बदलत नाही. वरचा ऑब्जेक्टिव्ह थेंबात बुडणार नाही एवढं बघा, आणि ही परीक्षा सगळ्यात शेवटी करा, कारण पाणी वाळल्यावर मागे काही ना काही राहतं.

तिसरी परीक्षा माझी आवडती, आणि तिला खर्च एका दाढीच्या ब्लेडचा. फ्लिप लेन्स उभी ठेवून, टिकलीशेजारी एका बाजूने ब्लेड सरकवा आणि दोनपैकी एकच कमान झाका. मग फ्लिप लेन्स पाडा. चित्रातली एका बाजूची शेपटी पूर्ण गेली पाहिजे आणि दुसरी जशीच्या तशी राहिली पाहिजे. ब्लेड दुसऱ्या बाजूला नेलं की शेपट्यांची अदलाबदल. उजवीकडे चालणारा प्लाझ्मॉन उजवीकडेच पाझरतो, डावीकडचा डावीकडे. म्हणून कोनात एक बाजू झाकली की जागेत एक बाजू विझते. दोन्ही शेपट्या सारख्याच फिकट झाल्या, तर तुम्ही बघताय ते प्लाझ्मॉन नाही, किंवा ब्लेड फूरिये प्लेनमध्ये नाही. ब्लेडची कड फूरिये चित्रात धारदार दिसेपर्यंत पुढे-मागे करा आणि पुन्हा बघा.

लांबी मोजायची तर

आता फ्लिप लेन्स पाडून शेपटीचा फोटो घ्या, त्यातून लेझर झाकून घेतलेला अंधाराचा फोटो वजा करा. शेपटीच्या दिशेने पट्टा घेऊन सरासरी काढा, आणि तीव्रतेचा लॉगॅरिदम अंतरासमोर मांडा. सरळ रेघ आली पाहिजे. फटीपासूनचे पहिले दोन-तीन मायक्रॉन सोडून द्या, तिथे फटीचाच उजेड असतो आणि बहुतेक वेळा सेन्सर भरून गेलेला असतो. शेवटची बाजू जिथे कॅमेऱ्याच्या नॉइजमध्ये बुडते तीही सोडा. मधल्या रेघेचा उतार म्हणजे तीव्रता १/ई (साधारण ३७ टक्के) होण्याच्या लांबीचा व्यस्त. लाट किती लांब जाते याचं माप म्हणजे हीच लांबी.

कण वापरला असेल तर थेट लॉग घेऊ नका. कणापासून लाट वर्तुळात पसरते, म्हणून नुसत्या पसरण्यानेच ती अंतराच्या प्रमाणात फिकट होते. आधी तीव्रतेला अंतराने गुणा, मग लॉग घ्या. हे विसरल्यामुळे आलेली 'फार कमी लांबी' मी कितीतरी अहवालांत लाल पेनने खोडली आहे.

६३३ ला जाड, स्वच्छ सोन्यासाठी हिशोबाने ९-१० मायक्रॉन येतात. आपल्या ५० नॅनोमीटरच्या थरावर पाझर आणि शोषण बरोबरीने असल्यामुळे त्याच्या निम्मे, म्हणजे ५ च्या आसपास आले तर थर उत्तम आहे. विद्यार्थी ५ बघून हिरमुसतात आणि पुस्तकातला १० शोधत बसतात. ५० च्या थरावर १० आले तर मला जास्त शंका येईल.

हीच लांबी दुसऱ्या वाटेनेही मिळते, आणि ती नक्की काढा. फूरिये चित्रात कमानीच्या आडव्या छेदाची अर्ध्या उंचीवरची रुंदी मोजा, वर काढलेल्या पट्टीने ती एनएमध्ये बदला. तरंगलांबीला २ पाय गुणिले त्या रुंदीने भागलं की लांबी. ५ मायक्रॉनला रुंदी ०.०२ येते, आपल्या कॅमेऱ्यावर साधारण ९ पिक्सेल. दोन्ही उत्तरं जवळपास जुळली पाहिजेत. कमान जास्त रुंद आणि शेपटी लांब असं निघालं, तर फ्लिप लेन्स तिच्या जागेवर नाही, रिंग डीफोकस झाली आहे. कमान आणि शेपटी दोन्ही तीनच मायक्रॉन सांगत असतील, तर दोष थरात आहे. आधी क्रोमियमची जाडी विचारा, मग सोन्याची.

शेपट्या फटीपासून तुटून थोड्या दूर सुरू होत असतील, किंवा फटीवरून एकमेकींवर चढत असतील, तर घाबरू नका, खालचा फोकस हललाय. पाझर ४३.६ अंशांनी तिरका येतो, त्यामुळे एक मायक्रॉन फोकस चुकला की शेपटी जवळजवळ एक मायक्रॉन बाजूला सरकते. मी तर फोकस लावायला याचाच उपयोग करते: दोन्ही शेपट्या बरोबर फटीपासून निघेपर्यंत नॉब फिरवायचा. उताराला याचा फारसा धक्का लागत नाही.

आवरताना

ऑब्जेक्टिव्हवरचं तेल लेन्स टिश्यूने टिपून घ्या, घासू नका, आणि मग कंपनीने सांगितलेल्या द्रावणात किंचित भिजवलेल्या टिश्यूने एकदाच फिरवा. हा ऑब्जेक्टिव्ह बाकीच्या सगळ्या सामानापेक्षा महाग असतो. सोन्याच्या कव्हरस्लिप पेट्री डिशमध्ये, सोनं वर करून, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा. काही महिने टिकतात. पुन्हा वापरताना धुवायची वेळ आली तर अल्ट्रासॉनिकमध्ये टाकू नका. पातळ क्रोमियमवरचं सोनं तिथे पापुद्रे होऊन निघतं.

सोन्यावर हात बसला की चांदीकडे जावंसं वाटेल, आणि जावं, कारण तिथे शोषण कमी, लाट लांब, हिरवा लेझरही चालतो. पण चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर फारच लवकर. चांदीचा थर सकाळी काढला तर मोजणी त्याच दिवशी उरकून घ्या, आणि चांदी करायचीच असेल तर इव्हॅपोरेशनची पाळी दिवाळीनंतरची मागा.